निकालाच्या आधी काही कळतं का हो? (अमेरिका, अंडरग्रॅड प्रवेश)

अबोली_एडिसन | १३ फेब्रुवारी, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज धागा काढायची वेळ आली. लेक बारावीत, म्हणजे इथल्या भाषेत सीनियर. डिसेंबरात लवकरच्या फेरीत एका ठिकाणी डिफर झाली, म्हणजे हो-नाही न सांगता निर्णय पुढच्या फेरीवर ढकलला. बाकीचे दहा अर्ज जानेवारीच्या सुरुवातीला गेले आणि तेव्हापासून घरात अशी शांतता आहे की फ्रिजची घरघरसुद्धा ऐकू येते.

गेल्या दोन दिवसांत दोन गोष्टी घडल्या. एका कॉलेजच्या ॲडमिशन ऑफिसातून मेल आली. तुझा अर्ज वाचताना मजा आली, तुझ्या आवडीच्या विषयावर आमच्या प्राध्यापकांचं ऑनलाइन व्याख्यान आहे, जरूर ये. खाली अधिकाऱ्याचं नाव, सही. दुसरं म्हणजे, वेगळ्याच एका कॉलेजच्या पोर्टलवर (अर्जाचं काय झालं ते दाखवणारं पान) काल रात्री 'हाउसिंग', म्हणजे राहण्याच्या सोयीचा, असा टॅब उगवला. उघडत नाही, नुसता दिसतो. लेक म्हणते रेडिटवर काहींना दिसतोय, काहींना नाही. ज्यांना दिसतोय ते नाचताहेत आणि ज्यांना नाही ते रडताहेत.

नवरा म्हणतो यात काही नसतं. मी मात्र काल रात्री दीड वाजता उठून तिचं पोर्टल बघून आले. त्यात डोंबिवलीला फोनवर बोलताना सासूबाईंपाशी चुकून तोंडातून गेलं. आता तिथे सोसायटीत 'अमेरिकेतल्या नातीला कॉलेजचं पत्र आलं' अशी बातमी आहे.

तर ज्यांची मुलं यातून गेलीत त्यांनी सांगा. निकाल मार्चच्या शेवटी. त्याआधी खरोखर काही खूण मिळते का, की हे सगळं खिडकीत कावळा ओरडला म्हणून पाहुणे येणार असं आहे?

---

नाक्यावरचा_गण्या | १३ फेब्रुवारी

रुमाल टाकून ठेवतो. पोरगा अजून दहावीत आहे पण बायकोने आत्तापासून एक्सेल केलंय.

---

तळ्यातमळ्यात | १४ फेब्रुवारी

अबोलीताई, आधी टॅबचं बोलू. आमच्याकडे (फ्रीमाँट, कॅलिफोर्निया) दोन वर्षांपूर्वी हेच झालं. मुलं याला 'पोर्टल ॲस्ट्रॉलॉजी' म्हणतात आणि नाव अगदी चपखल आहे. माझा मुलगा पानावर राइट-क्लिक करून सोर्स कोड वाचायचा. एकदा त्यात 'ॲडमिट' शब्द सापडला म्हणून घर डोक्यावर घेतलं. तो शब्द सगळ्यांच्याच पानात होता. 'ॲडमिट' (घेतलं) आणि 'डिनाय' (नाकारलं) दोन्हीच्या पानांची सजावट एकाच फाइलमध्ये ठेवलेली असते.

यातली बरीचशी पोर्टलं 'स्लेट' नावाच्या एकाच सॉफ्टवेअरवर चालतात. (स्लेट म्हणजे पाटी. आणि निकालाच्या दिवसापर्यंत ती खरंच कोरी असते.) ऑफिसातले लोक फेब्रुवारी-मार्चमध्ये पुढच्या टप्प्याची चाचणी घेत असतात. हाउसिंग, विद्यार्थी क्रमांक, लॉगिन, सगळं जोडून बघतात आणि कधी कधी अर्ध्या अर्जदारांना ते दिसून जातं. टॅब दिसला याचा अर्थ कुणीतरी संध्याकाळी पाच वाजता चेकबॉक्स काढायला विसरला, एवढाच.

कॅलिफोर्नियाच्या सरकारी विद्यापीठांत मात्र एक-दोन खऱ्या खुणा असतात. बर्कलीसारख्या ठिकाणी 'रीजंट्स अँड चान्सलर्स' शिष्यवृत्तीचे उमेदवार आधी निवडतात आणि त्यांना निकालाच्या आधी कळतं. ज्याला ते पत्र आलं त्याचा प्रवेश झाल्यातच जमा. बाकीच्यांनी वाट बघायची. उलट जानेवारीत काही मुलांना जादा प्रश्नावली येते, तिने हुरळून जाऊ नये आणि घाबरूही नये. नाव कुंपणावर आहे आणि वाचणाऱ्याला आणखी माहिती हवी आहे, इतकंच. यूसीएलएकडे (लॉस एंजलिसचं सरकारी विद्यापीठ) एका वर्षात १ लाख ४५ हजारांच्या वर अर्ज आलेत. तिथे तुमच्या एकट्या मुलासाठी कुणी खास टॅब उघडत बसत नाही हो.

---

रानजाई | १४ फेब्रुवारी

ताई, अनुभव आहे म्हणून सविस्तर लिहिते. मोबाइलवरून टाइप करतेय, शुद्धलेखन पोटात घाला.

निकालाआधीची खरी, लेखी, कॉलेज शब्दाला बांधील असलेली खूण माझ्या माहितीत एकच. 'लाइकली लेटर'. आयव्ही लीगच्या (हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन वगैरे नामवंत खासगी विद्यापीठांचा गट) आठही विद्यापीठांचा मिळून नियम आहे की खेळाडू म्हणून निवडलेल्या मुलांना १ ऑक्टोबरपासून असं पत्र देता येतं. मजकूर साधारण असा, की तुझा प्रवेश होण्याची दाट शक्यता आहे, शाळेतली कामगिरी अशीच राहू दे. शब्द 'शक्यता' असला तरी व्यवहारात ते प्रवेशपत्रच. मुलाने शेवटच्या वर्षी अभ्यास सोडून दिला किंवा काही गंभीर उद्योग केला, तरच ते मागे घेतात.

हे का सुरू झालं तेही कळायला हवं. आयव्हीत खेळाची शिष्यवृत्ती नसते. बाकीची विद्यापीठं नोव्हेंबरात खेळाडूंकडून सही घेऊन मोकळी होतात आणि आयव्हीचा निकाल मात्र डिसेंबरात नाहीतर मार्चअखेर. तोपर्यंत चांगला खेळाडू थांबेल कशाला? म्हणून हे मधलं पत्र.

माझी मुलगी तलवारबाजी करते. (हो, 'घराण्याचा वारसा' वगैरे विनोद भावोजींनी करून झालेत. दिवे घ्या.) अकरावी संपल्यावर १ जुलैनंतर प्रशिक्षकांनी तिचे गुण आणि सॅटचा (इथली प्रवेश परीक्षा) स्कोअर मागून घेतला आणि ॲडमिशन ऑफिसकडून चाळून घेतला. याला 'प्री-रीड' म्हणतात. तिथे हिरवा दिवा लागला की प्रशिक्षक म्हणतात, 'माझा तुला पूर्ण पाठिंबा आहे.' आणि इथेच आपले लोक फसतात. प्रशिक्षकाचा पाठिंबा म्हणजे प्रवेश नाही. पत्र देण्याचा अधिकार फक्त ॲडमिशन ऑफिसचा, आणि तेही पूर्ण अर्ज पोचल्यावर. तिच्या क्लबातल्या एका मुलाला असाच पाठिंबा होता. ऑगस्टमध्ये ते प्रशिक्षक दुसरीकडे गेले, नव्यांना वेगळ्या शस्त्राचा खेळाडू हवा होता. त्या घरात फोनवरच्या बोलण्याखेरीज काहीच नव्हतं. आईबाप काय करणार?

आमचं पत्र ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात आलं. मी तीन वेळा वाचलं. नवऱ्याने पीडीएफ झूम करून सही बघितली.

आता तुमच्या कामाचं. न खेळणाऱ्या मुलांनाही अशी पत्रं जातात, पण फार थोड्यांना, आणि बहुतेक फेब्रुवारी ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत. दुसरीकडून पळवली जातील अशी ज्यांची धास्ती असते ती मुलं. येल विज्ञान-इंजिनिअरिंगकडच्या निवडक मुलांना असं कळवून फेब्रुवारीत वीकेंडला कॅम्पसवर बोलवायचं, ते बरंच गाजलेलं. आयव्हीच्या बाहेर ड्यूककडूनही काहींना येतं. पण ओळख एकच. त्यात प्रवेशाबद्दल स्वच्छ वाक्य असतं. 'अर्ज वाचताना मजा आली' हे ते वाक्य नव्हे. तुमची मेल परत वाचा. तसं वाक्य नसेल तर ते व्याख्यानाचं आमंत्रण आहे.

---

अबोली_एडिसन | १४ फेब्रुवारी

रानजाई, परत वाचली. चार वेळा. वाक्य नाही. 😔

पण निबंधातल्या तिच्या आजोबांच्या सायकल दुकानाचा उल्लेख आहे हो मेलमध्ये! म्हणजे माणसाने वाचलंय ना?

---

खडूस_कोथरूडकर | १५ फेब्रुवारी

आमच्याकडे जेईईचा रँक लागतो, कट-ऑफ लागतो, फेऱ्या होतात, ज्याची जागा त्याला. आजोबांचं सायकल दुकान कुणी विचारत नाही. तुम्ही लोकांनी प्रवेश परीक्षेचं स्वयंवर करून ठेवलंय आणि आता वरमाला कुणाकडे वळतेय ते बघत बसलाय.

---

तळ्यातमळ्यात | १५ फेब्रुवारी

खडूसराव, स्वयंवराला +१. पण कट-ऑफच्या गावातही बारावीचा निकाल रात्री बाराला साइटवर 'लीक' झाला म्हणून जागणारे आम्हीच होतो की. कॅप राउंडच्या आदल्या दिवशी क्लासवाल्यांचे 'अपेक्षित कट-ऑफ' वाचून कोण झोपायचं?

---

पाचवी_खुर्ची | १५ फेब्रुवारी, रात्री

मी इथे क्वचित लिहितो. माझ्या जुन्या कॉलेजसाठी (नाव नको) स्वयंसेवक म्हणून गेली अकरा वर्षं मुलांच्या मुलाखती घेतो. त्यामुळे थोडं टेबलाच्या पलीकडचं सांगतो.

दरवर्षी पालक विचारतात, 'मुलाखत दीड तास चालली, म्हणजे चांगलं ना?' ताई, मुलाखत दीड तास चालली म्हणजे मी बडबड्या आहे. मुलाखतीला बोलावणं आलं ही बहुतेक ठिकाणी खूणच नाही. तुमच्या गावात माजी विद्यार्थी मोकळा असेल तर बोलावतात, नसेल तर नाही. मी अहवाल लिहून पाठवतो. त्यानंतर काय झालं हे मला कुणी सांगत नाही, मुलाच्या आईची मेल आली तरच कळतं. आजवर चाळीसच्या वर मुलं भेटली असतील, त्यातली दोन लागली. त्यांतल्या एकीबद्दल मी 'बरी आहे' यापलीकडे काही लिहिलं नव्हतं, याची मला अजून लाज वाटते.

पण खरी गोष्ट वेगळीच. तुम्ही सगळे समजताय की निर्णय झालाय आणि तो कपाटात ठेवलाय, आपल्याला फक्त फटीतून बघायचंय. फेब्रुवारीत कपाटात काही नसतं. २०१८ साली बोस्टनच्या कोर्टात हार्वर्डविरुद्धचा खटला चालला, तेव्हा आतली बरीच कामाची पद्धत बाहेर आली. समिती बसते, एकेका अर्जावर मतं पडतात, 'घ्या' म्हटलेल्यांची यादी तयार होते. शेवटी ती यादी जागांपेक्षा मोठी निघते आणि मग छाटणी. त्यांचा शब्दच 'लॉप' असा आहे, आपण झाडाच्या फांद्या छाटतो तसं. म्हणजे फेब्रुवारीत ज्याच्या नावापुढे 'घ्या' लिहिलंय तोही मार्चमध्ये यादीतून जाऊ शकतो. आता सांगा, ज्या अधिकाऱ्याने तुमच्या लेकीला मेल केली त्याला स्वतःला तरी काय माहीत असणार?

त्याने निबंध वाचला हे मात्र खरं दिसतंय. त्याला तो आवडलाही असेल. त्याच्या टेबलावर असे आवडलेले दोनशे असतात.

---

केळफूल | १६ फेब्रुवारी

पाचवी_खुर्ची, हे वाचून एकदम हलकं वाटलं आणि पोटात गोळाही आला. दोन्ही एकदम.

आमचं वेगळंच. आम्ही एच-फोरवाले (टेक्सस), म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेले. मुलगा पहिलीपासून इथे शिकला, पण बऱ्याच खासगी कॉलेजांच्या लेखी तो आंतरराष्ट्रीय विद्यार्थी. जानेवारीत एका ठिकाणाहून आर्थिक कागद मागितले, बँकेचं स्टेटमेंट, व्हिसाची प्रत. मी नवऱ्याला म्हटलं, 'व्हिसा विचारतायत म्हणजे घेणार!' शेजारच्या पंजाबी कुटुंबालाही तेच पत्र. अर्ज अपुरा आहे असं संगणकाला वाटलं की ते आपोआप जातं.

एक मात्र सांगते, ज्यांना आर्थिक मदत हवी आहे आणि ज्यांची मुलं नागरिक नाहीत त्यांनी कॉलेज 'नीड-ब्लाइंड' कुणासाठी आहे ते बघा. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट, २०२२ पासून डार्टमथ आणि बोडन, अशी मोजकीच ठिकाणं परदेशी मुलांच्या बाबतीतही ऐपत न बघता निर्णय घेतात. बाकीकडे मदतीच्या खान्यात खूण केलीत की तुमचा अर्ज वेगळ्या तागडीत जातो. ही खूण आपणच त्यांना देतो.

---

रानजाई | १६ फेब्रुवारी

केळफूल, अगदी. आणि डिफरचंही असंच आहे. अबोलीताईंची लेक डिफर झाली म्हणाल्या, त्याचा अर्थ कॉलेजगणिक बदलतो. हार्वर्डच्या लवकरच्या फेरीत बहुसंख्य मुलं डिफरच होतात, त्यामुळे त्यात फार काही वाचू नये. स्टॅनफर्ड बहुतेकांना तिथेच 'नाही' सांगून मोकळं होतं, म्हणून तिथे डिफर झालेला जरा तरी शर्यतीत असतो. आपल्याकडे दोघांच्या आया सारख्याच रडतात.

---

नाक्यावरचा_गण्या | १६ फेब्रुवारी

बायकोने एक्सेलमध्ये नवीन कॉलम घातला: 'डिफर म्हणजे काय'. धन्यवाद.

एक शंका. पोराला पीएसएटी (सॅटची रंगीत तालीम) दिल्यापासून रोज पाच-पाच कॉलेजांच्या मेल येतात. 'तुझ्यासारख्या विद्यार्थ्याची आम्ही वाट बघतोय.' ही खूण का?

---

तळ्यातमळ्यात | १६ फेब्रुवारी

गण्याभाऊ, ही परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाकडे त्याने 'माझी माहिती कॉलेजांना द्या' या खान्यात टिचकी मारली असणार. कॉलेज बोर्ड ती नावं कॉलेजांना पैसे घेऊन देतं. अर्जांचा आकडा वाढला की प्रवेशाचा टक्का घटतो आणि कॉलेज भारी दिसतं. पोराचं नाव लग्नाच्या आमंत्रणाच्या यादीत नाही, हॉलवाल्याच्या एसएमएस यादीत आहे.

आणि 'अभिनंदन' असं लिहून आलं तरी एकदा थांबावं. २००९ मध्ये यूसी सॅन डिएगोने नाकारलेल्या सुमारे २८ हजार मुलांना चुकून स्वागताची मेल पाठवली होती, थोड्या वेळाने माफीची. कार्नेगी मेलनचं २०१५ मध्ये, संगणकशास्त्राच्या मास्टर्सच्या ८०० च्या आसपास अर्जदारांना. कोलंबियाच्या सार्वजनिक आरोग्याच्या शाळेचं २०१७ मध्ये, २७७ जणांना. त्या तासाभरात कुणी आजीला फोन केला असेल तर काय झालं असेल?

---

अबोली_एडिसन | १६ फेब्रुवारी

आजीचा विषय नको. सासूबाईंनी काल खरोखर पेढे वाटले. चितळ्यांचे, अर्धा किलो.

---

थेम्सकाठी | १७ फेब्रुवारी

फक्त तुलनेसाठी. इंग्लंडात उलट आहे. ऑक्सफर्डचा अर्ज १५ ऑक्टोबरच्या आसपास बंद, डिसेंबरात मुलाखतीला बोलावणं आलं तर ती खरी चाळणी असते, शिकवणारे प्राध्यापकच समोर बसून गणित सोडवून घेतात. जानेवारीत ऑफर, आणि तीही सशर्त, इतके गुण मिळाले तर. त्यामुळे आमची मुलं ऑफर हातात घेऊनही ऑगस्टपर्यंत जागीच असतात. जागरण कुठेही चुकत नाही, महिना बदलतो.

---

केळफूल | १४ मार्च

धागा वर काढते. आज पाय-डे (३/१४, गणितातल्या ३.१४ वाल्या 'पाय'चा दिवस), संध्याकाळी ६:२८ ला (दोन पाय, यांचं सगळंच गणित) एमआयटीचा निकाल. मुलगा बाथरूममध्ये कोंडून घेऊन बघणार आहे.

---

केळफूल | १४ मार्च, रात्री

नाही झालं. बाहेर आला, वरणभात मागितला. मी साजूक तूप जास्त घातलं. तो काही बोलला नाही, मीही नाही.

---

पाचवी_खुर्ची | १५ मार्च

त्याला माझा नमस्कार सांगा. आणि आज त्याला कुठलंही पोर्टल उघडू देऊ नका.

---

अबोली_एडिसन | ३० मार्च

मंडळी, आमचं सगळं आलं. आयव्हीचे निकाल संध्याकाळी सातला लागले आणि साडेसातपर्यंत जेवण टेबलावर तसंच.

मेलवालं कॉलेज: वेटलिस्ट. टॅबवालं कॉलेज: नाही. (हाउसिंगचा टॅब नंतर सगळ्यांनाच दिसायला लागला होता म्हणे.) डिफर झालेलं: नाही. आणि ज्या कॉलेजाने अर्जाची फी मिळाल्याच्या पावतीखेरीज एक अक्षर पाठवलं नव्हतं, ना मुलाखत, ना व्याख्यान, ना टॅब, तिथे प्रवेश, आणि थोडी शिष्यवृत्तीसुद्धा. पिट्सबर्गला. शिवाय आमचं राज्य विद्यापीठ आहेच. लेक गेले दोन दिवस पिट्सबर्गचं हवामान बघतेय.

आता प्रश्न वेटलिस्टचा. यादीत राहायचं का? मेल करणाऱ्या त्या अधिकाऱ्याला लिहायचं का?

---

रानजाई | ३० मार्च

अभिनंदन!! 🎉

राहायचं असेल तर राहा, त्याला पैसे लागत नाहीत. पण आधी त्या कॉलेजचा 'कॉमन डेटा सेट' (कॉलेजच्या आकडेवारीचा कागद) शोधा. सी-२ या भागात दरवर्षी किती मुलांना वेटलिस्टवर ठेवलं, किती राहिली आणि किती घेतली हे आकडे असतात. काही वर्षी काही कॉलेजं शून्य घेतात. त्याच कागदात सी-७ मध्ये 'अर्जदाराने दाखवलेला रस' विचारात घेतात का तेही लिहिलेलं असतं. घेत असतील तर तिने स्वतः एक पानभर लिहावं, तुम्ही नाही. आणि काहीही झालं तरी १ मेच्या आत पिट्सबर्गचं डिपॉझिट (जागा पक्की करायचे पैसे) भरा. दोन ठिकाणी भरू नका, ते त्यांना कळतं.

---

खडूस_कोथरूडकर | ३१ मार्च

अभिनंदन. आजोबांच्या सायकल दुकानाला शेवटी कुणीतरी विचारलं म्हणायचं.

---

नाक्यावरचा_गण्या | ३१ मार्च

रुमाल उचलतो, पोराच्या वेळी परत टाकीन. ताई, पेढे?

---

अबोली_एडिसन | ३१ मार्च

सासूबाईंना फोन केला होता. म्हणाल्या, 'अगं, ते फेब्रुवारीतच वाटून झाले की. आता परत कशाला?'